आईचे आधार, बोटांचे ठसे आणि परक्या माणसाकडे जाणारे ओटीपी

घरातील वयस्कर माणसाचे आधार अद्ययावत करण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना बहुतेक वेळा अर्धवट माहिती मिळते. कोणी म्हणते बँकेत जा, कोणी म्हणते पोस्टात, कोणी म्हणते सगळे घरबसल्या होते. माझ्या आईचे हे काम नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आणि त्याचा शेवटचा धागा पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात हाती आला. त्यात काय करावे लागले, किती खर्च आला, कोठे थांबावे लागले आणि खासगीपणाच्या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टी कशी बदलली, हे क्रमाने लिहिते.

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झाले होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. (वयाची ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, गर्दी टाळण्यासाठी हा महिना उपयोगी पडतो.) भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे ४ नोव्हेंबरला, मी आईला घेऊन बँकेच्या शाखेत गेले. ठशावरून दाखला काढण्याच्या यंत्रावर तिचा अंगठा लागेना. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली, पदराने बोटे पुसून झाली. आई ७६ वर्षांची आहे आणि तिची बोटे आयुष्यभर राखेने भांडी घासून गुळगुळीत झालेली आहेत. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने शांतपणे सांगितले, “आजींचे आधार अपडेट करून आणा, मगच होईल.”

येथे पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. ठशावरचा डिजिटल दाखला, म्हणजे ‘जीवन प्रमाण’, ही १० नोव्हेंबर २०१४ पासून मिळालेली एक सोय आहे. तो एकच मार्ग नव्हे. निवृत्तिवेतनधारक स्वतः समोर उभा असेल, तर छापील नमुना भरून अधिकाऱ्यासमोर सही करता येते. तो नमुना मागितल्यावर आधी “आता तसे घेत नाही” असे उत्तर मिळाले. शाखाधिकाऱ्यांना भेटल्यावर मात्र तो टेबलाच्या खणातून निघाला. अर्ज भरला, आईने सही केली, मी पोच घेतली. निवृत्तिवेतन थांबण्याची भीती त्या दिवशीच संपली आणि आधारचे काम घाई न करता हाती घेता आले. ज्यांची आई किंवा वडील अशा यंत्रासमोर अडतील, त्यांनी हा क्रम पाळावा : आधी कागदी दाखला, मग दुरुस्ती.

घरी आल्यावर मी आधारचे काम पाहणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावर आईच्या आधारची वैधता तपासली. तेथे आधार क्रमांक टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन अंक दिसतात. (एखाद्याचा क्रमांक हाती असेल तर एवढी माहिती कोणालाही दिसू शकते, हे मला तेव्हाच खटकले.) ते तीन अंक वडिलांच्या जुन्या मोबाइलचे होते. ते गेल्यावर तो क्रमांक आम्ही बंद होऊ दिला होता, आणि आपल्याकडे बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मी त्या क्रमांकावर फोन लावला. दुसऱ्या जिल्ह्यातील एक गृहस्थ बोलले. अत्यंत सौजन्याने ते म्हणाले, “हो ताई, आधारचे ओटीपी येतात अधूनमधून. मी पुसून टाकतो.”

हे वाक्य ऐकून मला काही क्षण सुचेनासे झाले. त्या गृहस्थांबद्दल संशय घेण्याचे कारण नव्हते. परंतु आधार क्रमांक आणि ओटीपी या दोन गोष्टी एका हाती आल्या की ई-आधार उतरवता येते, पत्ता व छायाचित्र मिळते. त्यांतला ओटीपी या परक्या माणसाकडे जात होता. राहिला आधार क्रमांक, आणि तो आम्ही गेली कित्येक वर्षे झेरॉक्सच्या रूपाने बँक, गॅस एजन्सी, मोबाइलचे दुकान, पंढरपूरचा लॉज असा सर्वत्र वाटत आलो होतो. त्या फोटोकॉपींवर तारीख नाही, कारण लिहिलेले नाही, केवळ आईची सही आहे.

दादाशी त्या रात्री बराच वाद झाला. त्याचे म्हणणे असे की आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय. उलट आधारमुळे गॅसचे अनुदान थेट खात्यात येते, रेशन दुसरा कोणी उचलत नाही. हे खोटे नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार दिले गेले, तेव्हापासून ज्यांच्याकडे कोणताच कागद नव्हता अशा माणसांना ओळखीचा एक आधार मिळाला, हेही मी मानते. पण गोपनीयता ही काहीतरी लपवणाऱ्यांची गरज आहे, हे मला मान्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायदा चार विरुद्ध एक अशा बहुमताने टिकला. अनुदानाच्या योजना आणि पॅनशी जोडणी कायम राहिली, मात्र बँक खाते व मोबाइल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. दादाला हे ठाऊक नव्हते, आणि मलाही त्या आठवड्यात पुन्हा वाचेपर्यंत तपशील आठवत नव्हते. आपण सगळेच “आधार द्या” म्हटल्यावर देतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. मोबाइल बदलण्यासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही, परंतु माणूस केंद्रावर प्रत्यक्ष हजर असावा लागला. तालुक्यातील जवळच्या केंद्रावर आम्ही गेलो, तेव्हा सकाळी दिलेले टोकन घेऊन दुपारपर्यंत बसलो आणि “सर्व्हर डाऊन” ऐकून परतलो. वयस्कर माणसाला असे बसवणे योग्य नव्हे, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या आधार सेवा केंद्राची वेळ संकेतस्थळावरून घेतली. त्या नोंदणीसाठी ओटीपी लागतो, पण तो कोणत्याही मोबाइलवर चालतो. आधारला जोडलेलाच हवा असे नाही. २२ नोव्हेंबरची सकाळ मिळाली.

शुल्काबद्दल येथेच सांगते, कारण यात अनेकांचे पैसे उगाच जातात. त्या वेळी नाव, पत्ता, मोबाइल अशा तपशिलांच्या बदलाला ५० रुपये आणि ठसे-बुबुळे नव्याने देण्याला १०० रुपये होते. दोन्ही एकाच वेळी केले तर एकूण १०० रुपयेच लागत. आम्हाला दोन्ही हवे होते, त्यामुळे एकाच अर्जात काम झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून हे दर अनुक्रमे ७५ आणि १२५ रुपये झाले आहेत. पावती मिळते, तीवर रक्कम छापलेली असते. त्याहून अधिक मागितल्यास १९४७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

केंद्रावर गेल्यावर आधी कागद तपासणी, मग पैसे भरण्याची खिडकी आणि शेवटी प्रत्यक्ष नोंदणी असा क्रम होता. तपासणीच्या टेबलावरील मुलीने विचारले, “नाव पण बदलायचे का? पीपीओवर ‘बाई’ नाही, आधारवर आहे.” ‘पीपीओ’ म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश. मोह झाला, पण आम्ही नाव तसेच ठेवले. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच, आणि नावाच्या बदलाला ओळखीचा पुरावा लागतो. एका जागी ‘बाई’ काढली की रेशनकार्ड, बँक, मतदार यादी सगळीकडे ती खटकू लागते. ज्या बदलाने आज काही अडलेले नाही, तो बदल दोनपैकी एक संधी खर्चून करू नये, असे माझे मत आहे.

नोंदणीच्या टेबलावर बसलेला तरुण समंजस होता. आधी त्याने यंत्रावर स्वतःचे बोट ठेवले. प्रत्येक नोंदीवर कर्मचाऱ्याची ओळख उमटते, ती अशी. मग त्याने ओलसर सुती फडके मागवले आणि आईची बोटे एकेक करून पुसली. कोरड्या हातांचे ठसे नीट येत नाहीत, घाम असला तरी येत नाहीत, म्हणून किंचित ओलावा हवा, असे तो सांगत होता. डाव्या हाताची चार बोटे, उजव्या हाताची चार बोटे, शेवटी दोन्ही अंगठे. पडद्यावर प्रत्येक बोटाखालची पट्टी लाल होई, कधी हिरवी. डाव्या तर्जनीवर दोन दिवसांपूर्वीच्या, विधानसभेच्या मतदानाची शाई अजून ठळक होती. त्याने ती पाहिली आणि म्हणाला, “आजी, ही ओळख पक्की दिसते. आमच्या मशीनला पण अशीच दिसली असती तर बरे झाले असते.” आई मनापासून हसली. करंगळ्या शेवटपर्यंत लालच राहिल्या. काही प्रयत्नांनंतर जसा ठसा येईल तसा घेण्याची मुभा यंत्रणेत असते, तशा त्या घेतल्या गेल्या. बुबुळांच्या वेळी चष्मा काढून डोळे मोठे उघडायचे होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असूनही दोन्ही बुबुळे पहिल्या खेपेस आली. ठसे झिजले असतील तर बुबुळे आणि चेहरा हा दुसरा मार्ग उघडा असतो, म्हणून ही पायरी “होऊ दे, चालेल” म्हणून उरकू देऊ नये.

मध्येच आईने विचारले, “हे सगळे बघते कोण?” तो म्हणाला, “बघत कोणी नाही आजी. मशीन फक्त हो की नाही सांगते.” उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. पडताळणीच्या साध्या प्रकारात यंत्रणा खरोखर ‘जुळले’ किंवा ‘जुळले नाही’ एवढेच कळवते. ई-केवायसीत मात्र नाव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र समोरच्या संस्थेकडे जाते. आपण अंगठा ठेवतो तेव्हा या दोहोंपैकी काय चालले आहे, हे खिडकीवर कोणी सांगत नाही, आणि आईसारखी व्यक्ती विचारणार तरी कशी? विचारण्याचा अधिकार तिला आहे. फक्त तो वापरायचा म्हणजे रांगेतील मागच्या दहा माणसांचा रोष ओढवून घ्यायचा.

निघण्यापूर्वी पडद्यावरील मोबाइल क्रमांक आकडा-आकडा वाचून घेतला. समोरचा दुसरा पडदा अर्जदारासाठीच असतो. तो आपल्याकडे वळवायला सांगावे. हाती आलेल्या पावतीवरचा नोंदणी क्रमांक, तारीख व वेळ जपून ठेवावी, कारण पुढील सगळी चौकशी त्यावरच होते. बदलाला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात असे सांगितले होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या स्वतःच्या मोबाइलवर, म्हणजे वहिनी ज्याचा रिचार्ज करते त्या साध्या फोनवर, संदेश आला.

त्या संध्याकाळी आम्ही आईच्या आधारचा पडताळणी-इतिहास पहिल्यांदा उघडला. मागील सहा महिन्यांत कोणी, केव्हा, कोणत्या पद्धतीने पडताळणी केली आणि ती जुळली की नाही, हे त्यात दिसते. बँकेतील ४ नोव्हेंबरच्या नापास नोंदी एकाखाली एक होत्या. रेशन दुकानाच्या नोंदी होत्या. एका नोंदीचा उलगडा मात्र होईना. संस्थेचे नाव असे काही तांत्रिक होते की त्यावरून काहीच कळत नव्हते. शेवटी वहिनीला आठवले की पावसाळ्यात गॅस एजन्सीचा माणूस दारात येऊन ई-केवायसी म्हणून अंगठा घेऊन गेला होता. तारीख जुळली. तोवर आम्ही चौघे कॅलेंडर घेऊन बसलो होतो.

या सर्व सोयी चांगल्या आहेत, हे मी अगदी मोकळेपणाने लिहिते. इतिहास पाहता येतो, १२ अंकी क्रमांकाऐवजी १६ अंकी आभासी क्रमांक देता येतो, शेवटचे चार अंकच दिसणारे मुखवट्याचे आधार उतरवता येते, ठसे-बुबुळे-चेहरा यांना कुलूप लावता येते. पण ही प्रत्येक सोय जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीला टांगलेली आहे. ज्यांची बोटे झिजली आहेत, ज्यांचा मोबाइल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर आहे, अशा माणसांनाच यंत्र आधी अडवते आणि त्याच माणसांना स्वतःच्या माहितीला कुलूप लावता येत नाही. एरवी वादात सोय एका बाजूला आणि गोपनीयता दुसऱ्या बाजूला मांडली जाते. आमच्या घरात दोन्ही एकाच कारणाने एकदम नाहीशा झाल्या होत्या.

कुलपाचा निर्णय मी आग्रहाने घेतला. त्याचे कारण आधारवरून पैसे काढण्याची पद्धत. त्यात आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. आपल्याकडेही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखतावर अंगठे घेतले जातात आणि आईचे अंगठे वाटणीच्या दस्तावर आहेत. यंत्रासमोरचे बोट जिवंत माणसाचे आहे की नाही हे तपासण्याची व्यवस्था प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली, तरीही गरज नसताना ठसे उघडे ठेवण्यात मला अर्थ दिसला नाही.

जानेवारीत याचा पहिला फटका बसला. आई रेशन दुकानात गेली आणि यंत्राने ३३० हा त्रुटी क्रमांक दाखवला, म्हणजे कुलूप बंद. दादाने फोनवर मला ऐकवले, “तुझ्या गोपनीयतेपायी आईला परत यावे लागले.” कुलूप थोड्या मिनिटांपुरते उघडता येते, पण त्यासाठी आईचा फोन, ओटीपी आणि ते करणारा माणूस एकाच जागी हवा. तोडगा साधाच निघाला : शिधापत्रिकेवरील कोणत्याही सदस्याचा अंगठा चालतो, म्हणून रेशनला आता वहिनी जाते. एकटे राहणाऱ्या वृद्धांना हा तोडगा नाही. त्यांनी कुलूप लावावे की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

झेरॉक्सऐवजी आम्ही मुखवट्याच्या आधारच्या काही प्रती छापून ठेवल्या. फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. ओळखीच्या कोणालाही ओळखता येईल असा. त्यामुळे ती फाइल झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, पेनड्राइव्हवर नेऊन काम झाल्यावर तेथील संगणकावरून पुसून घ्यावी. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने झेरॉक्स देण्याविरुद्ध सावध करणारे पत्रक काढले आणि दोन दिवसांत ते मागे घेतले गेले. पत्रक गेले, तरी सल्ला माझ्या मते योग्यच होता. बहुतेक ठिकाणी मुखवट्याचे आधार घेतले गेले. एका लॉजवर “पूर्ण नंबर दिसला पाहिजे” म्हणून अडवले, तेथे आईचे मतदार ओळखपत्र दाखवून खोली मिळाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखला घरीच, चेहऱ्यावरून काढला. अँड्रॉइड फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन अ‍ॅप घ्यावी लागतात. आधी मदतनीस म्हणून माझा आधार, मोबाइल, ईमेल आणि चेहरा नोंदला गेला. आईच्या कामासाठी माझाही चेहरा द्यावा लागतो, हे आधी माहीत असलेले बरे. मग कुलूप उघडले, आईचा तपशील, पीपीओ क्रमांक व खाते क्रमांक भरला. खिडकीकडे तोंड करून बसवले, चष्मा काढला, पापण्यांची उघडझाप करायला सांगितली. हिरवे वर्तुळ पूर्ण झाले आणि प्रमाण क्रमांकाचा संदेश आला. खर्च शून्य. मात्र संदेश आला म्हणजे दाखला मंजूर झाला असे नव्हे. पीपीओ किंवा खाते चुकले तर तो नाकारला जातो. म्हणून काही दिवसांनी त्याच क्रमांकावर स्थिती तपासावी. आईचा स्वीकारला गेला होता, आणि कुलूप पुन्हा लावले.

त्याच महिन्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. संस्थांवरची मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तरीही मी बँकेच्या शाखेत एक लेखी अर्ज दिला : आईच्या आधारच्या किती झेरॉक्स प्रती आपल्याकडे आहेत, कोणत्या कारणासाठी ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या जागी मुखवट्याच्या प्रती लावून घ्याल का. आवक शिक्का मारून दुसरी प्रत मला परत मिळाली. उत्तर अद्याप आलेले नाही. आले तर ते आहे तसे येथे जोडेन.